बनावट चित्रफिती आणि ऑनलाइन फसवणूक : ओळख व बचाव

शेतकऱ्याच्या हाती पैसा वर्षभर सारखा येत नाही. कोल्हापूर जिल्ह्याचा विचार केला तर उसाची पहिली उचल गळीत हंगामात जमा होते, पीक कर्ज खरिपाच्या तोंडावर मिळते, दुधाचे बिल दर दहा दिवसांनी येते आणि पी.एम. किसान योजनेचा दोन हजार रुपयांचा हप्ता वर्षातून तीन वेळा मिळतो. पूर्वी हा पैसा विकास सोसायटीत किंवा बँकेच्या शाखेत जाऊन मोजून घ्यावा लागे. आता तो परस्पर खात्यावर जमा होतो आणि ते खाते खिशातल्या मोबाइलवरून चालते. यामुळे हेलपाटे वाचले, हे खरेच. परंतु जे खाते आपल्याला घरबसल्या चालवता येते, ते दुसऱ्यालाही दूर बसून रिकामे करता येते. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार सायबर फसवणुकीत देशातील नागरिकांनी २०२३ साली सुमारे ७,४६५ कोटी रुपये गमावले, तर २०२४ साली हा आकडा सुमारे २२,८४५ कोटी रुपयांवर गेला. एका वर्षात तिपटीने झालेली ही वाढ पाहता या विषयाची माहिती बी-बियाणे व खते यांच्या माहितीइतकीच प्रत्येक शेतकरी कुटुंबास असणे आवश्यक झाले आहे.

फसवणूक ही काही नवीन गोष्ट नव्हे. ऊसतोड टोळीसाठी दिलेली उचल घेऊन मुकादम पसार झाल्याचे अनुभव आपल्या भागातील वाहतूकदारांनी वर्षानुवर्षे घेतले आहेत. जादा परताव्याच्या आमिषाचे ए. एस. ट्रेडर्स प्रकरणही कोल्हापूरकरांना ठाऊक आहे. त्याचा गुन्हा २०२२ साली नोंदला गेला. या जुन्या प्रकारांत फसवणाऱ्यास निदान समोर यावे लागे, ओळख काढावी लागे, विश्वास बसेपर्यंत थांबावे लागे. आता तसे राहिलेले नाही. ज्या माणसावर आपला आधीपासूनच विश्वास आहे त्याचा चेहरा व आवाज उसना घेऊन काम भागवता येते. या लेखात मुख्यत्वे याच प्रकाराची माहिती दिली आहे.

डीपफेक म्हणजे काय?

एखाद्या व्यक्तीची छायाचित्रे, चित्रफिती व आवाजाचे नमुने संगणकास पुरवले असता, ती व्यक्ती बोलताना ओठ कसे हलवते, मान कशी वळवते, शब्द कसे उच्चारते याचा नमुना संगणक तयार करतो. त्या नमुन्यावरून त्या व्यक्तीने कधीही न उच्चारलेली वाक्ये तिच्याच तोंडी घातलेली चित्रफीत बनवता येते. अशा बनावट चित्रफितीस किंवा आवाजास डीपफेक म्हणतात. सुरुवातीच्या काळात यासाठी महागडे संगणक व पुष्कळ नमुने लागत. आता काही सेकंदांच्या आवाजावरूनही त्याची नक्कल करणारी साधने उपलब्ध आहेत. लग्नाची चित्रफीत, यात्रेतील भाषण, यूट्यूबवरील शेतीची मुलाखत किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरील ध्वनिसंदेश यांपैकी काहीही त्यासाठी पुरते. त्यामुळे ‘आपण काही प्रसिद्ध नाही, आपली नक्कल कोण करणार’ असे समजणे योग्य ठरणार नाही.

यात तीन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात आधीच तयार केलेली चित्रफीत जाहिरातीसारखी पसरवली जाते. दुसऱ्यात केवळ आवाजाची नक्कल करून फोन केला जातो. तिसऱ्या प्रकारात प्रत्यक्ष व्हिडिओ कॉलवर खोटा चेहरा दाखवला जातो. पहिला प्रकार सर्वांत जास्त आढळतो. तिसरा तुलनेने कमी, परंतु त्यात माणूस सर्वाधिक गाफील राहतो.

डोळ्यांनी पाहूनही फसगत

जुलै २०२३ मध्ये केरळातील कोझिकोड येथे घडलेले प्रकरण या दृष्टीने समजून घेण्यासारखे आहे. सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना अनोळखी क्रमांकावरून व्हॉट्सअ‍ॅप संदेश आले. संदेश पाठवणाऱ्याने आपण आंध्र प्रदेशातील जुने सहकारी असल्याचे सांगितले, ओळखीच्या माणसांची विचारपूस केली, कुटुंबाची छायाचित्रेही पाठवली. नंतर बहिणीच्या शस्त्रक्रियेसाठी ४०,००० रुपये मागितले. गृहस्थांना शंका आली, तेव्हा समोरच्याने व्हिडिओ कॉल केला. कॉल अर्ध्या मिनिटाचाही नव्हता, परंतु पडद्यावर त्या सहकाऱ्याचाच चेहरा होता. शंका मिटली आणि पैसे पाठवले गेले. लगेचच आणखी ३५,००० रुपयांची मागणी आली. तेव्हा मात्र या गृहस्थांनी आपल्याकडे आधीपासून असलेल्या जुन्या क्रमांकावर सहकाऱ्यास स्वतः फोन लावला. सहकाऱ्यास यातले काहीच माहीत नव्हते. तक्रार तातडीने झाल्यामुळे पोलिसांनी ती रक्कम महाराष्ट्रातील एका बँक खात्यात शोधून काढली व ते खाते गोठवले.

दुसरे उदाहरण हाँगकाँगचे आहे. अरुप या नामांकित अभियांत्रिकी कंपनीच्या तेथील कर्मचाऱ्यास २०२४ च्या सुरुवातीस वरिष्ठांच्या नावे गुप्त व्यवहाराचा ई-मेल आला. ई-मेल वाचून त्यास संशय आला होता, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. त्यानंतर त्यास व्हिडिओ बैठकीस बोलावले गेले. बैठकीत कंपनीचे वित्त प्रमुख व इतर ओळखीचे सहकारी दिसले, बोलले. त्याचा संशय गेला आणि त्याने १५ वेळा मिळून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. प्रत्यक्षात त्या बैठकीत त्याच्याखेरीज खरा माणूस एकही नव्हता. मुख्य कार्यालयाकडे चौकशी केल्यावर हा प्रकार उघडकीस आला.

कोझिकोडचे निवृत्त गृहस्थ आणि हाँगकाँगचा वित्त विभागातील कर्मचारी, दोघांनाही आधी योग्य शंका आली होती. ती चेहरा पाहून गेली. आणि दोन्ही ठिकाणी सत्य कळले ते चित्र अधिक बारकाईने पाहून नव्हे, तर दुसऱ्या वाटेने खऱ्या माणसाशी संपर्क साधल्यावर. या लेखातील सर्व शिफारशींचा पाया हाच आहे. आपल्याकडे चालत आलेली पैशाची मागणी ज्या वाटेने आली, त्याच वाटेने तिची खात्री करता येत नाही. खात्रीची वाट आपण स्वतः निवडावी लागते.

प्रसिद्ध व्यक्तींच्या बनावट जाहिराती

जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर यांची एक चित्रफीत समाजमाध्यमांवर फिरत होती. तीत ते मोबाइलवरील एका खेळाची भलामण करून त्यातून रोज सहज पैसे मिळतात असे सांगताना दिसत. ती चित्रफीत बनावट असल्याचे तेंडुलकर यांनी स्वतः जाहीर केले व मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने गुन्हा नोंदवला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने आपले प्रमुख आशिषकुमार चौहान यांच्या, तर मुंबई शेअर बाजाराने आपले प्रमुख सुंदररामन राममूर्ती यांच्या बनावट चित्रफितींबद्दल गुंतवणूकदारांना सावध केले. नोव्हेंबर २०२४ मध्ये तत्कालीन गव्हर्नर शक्तिकांत दास यांच्या नावाने गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्या चित्रफिती खोट्या असल्याचा खुलासा रिझर्व्ह बँकेस करावा लागला. अर्थमंत्र्यांच्या नावानेही अशा चित्रफिती वारंवार आल्या आहेत.

येथे चित्रफीत खरी की खोटी हा प्रश्न सोडवत बसण्याची गरजच नसते. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर कोणास कोठे पैसे गुंतवा असे सांगत नाहीत. ते त्यांचे कामच नव्हे. वीस हजारांचे महिन्यात दोन लाख कोणत्याही कायदेशीर व्यवसायात होत नाहीत. असे उत्पन्न खरोखर मिळत असते तर जाहिरात देण्याऐवजी त्या माणसाने स्वतःच कर्ज काढून पैसे गुंतवले असते. मजकूर अशक्य असेल तर तो कोणाच्याही तोंडून आला तरी अशक्यच राहतो.

अशी चित्रफीत पाहून दुव्यावर बोट ठेवले की माणूस व्हॉट्सअ‍ॅप किंवा टेलिग्रामच्या गटात ओढला जातो. गटात शेकडो सदस्य रोज नफा झाल्याचे सांगत असतात. त्यातील बहुतेक फसवणाऱ्यांचेच हस्तक असतात. सुरुवातीस पाच-दहा हजारांवर थोडा नफा खात्यात परतही येतो. विहिरीत पाणी लागल्याचे पाहून माणूस मोठी मोटर बसवतो, तसे मग मोठी रक्कम घातली जाते. मोबाइलवर आकडा लाखांत वाढताना दिसतो, पण काढायला गेले की आधी कर भरा, आधी शुल्क भरा अशी मागणी सुरू होते. स्वतःचे पैसे परत मिळवण्यासाठी आणखी पैसे भरावे लागत असतील तर तेथेच थांबावे व तक्रार करावी. शेअर बाजारात गुंतवणूक करावयाचीच असेल तर मध्यस्थ सेबीकडे नोंदणीकृत आहे याची खात्री करावी. नोंदणीकृत मध्यस्थांच्या यू.पी.आय. पत्त्यात ‘व्हॅलिड’ हा शब्द असण्याची पद्धत सेबीने १ ऑक्टोबर २०२५ पासून सुरू केली आहे.

शेतकऱ्यांना लक्ष्य करणारे प्रकार

योजनेच्या नावाने येणारी फाइल : सध्या ग्रामीण भागात याचा उपद्रव मोठा आहे. ‘पी.एम. किसान यादी’, ‘ई-केवायसी पूर्ण करा’, ‘वाहन चलान’, ‘लग्नपत्रिका’ अशा नावांची फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर येते. पुष्कळदा ती ओळखीच्याच क्रमांकावरून, गावच्या गटातून येते, कारण त्या माणसाचा फोन आधीच ताब्यात गेलेला असतो. फाइलच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन ए-पी-के ही तीन इंग्रजी अक्षरे असतात. ही कागदपत्राची फाइल नसून एक अ‍ॅप असते. ते बसवताना संदेश वाचण्याची परवानगी मागते. ती दिली की बँकेकडून येणारा ओटीपी आपल्या आधी भामट्याकडे पोहोचतो. म्हणूनच ‘मी ओटीपी कोणाला सांगितलाच नाही, तरी पैसे गेले’ अशा तक्रारी येतात. खरी लग्नपत्रिका छायाचित्र किंवा पी.डी.एफ. स्वरूपात येते. पी.एम. किसानचे अधिकृत अ‍ॅप प्ले स्टोअरवर मिळते. ई-केवायसी त्यावरून, अधिकृत संकेतस्थळावरून किंवा गावातील सामायिक सुविधा केंद्रात करता येते. ते करण्यासाठी कोणतेही खाते कोणास फाइल पाठवत नाही. शेवटी ए-पी-के असलेली फाइल सख्ख्या भावाकडून आली तरी उघडू नये व भावास फोन करून त्याचा मोबाइल तपासण्यास सांगावे.

सौर कृषिपंप : कुसुम योजना २०१९ साली सुरू झाली आणि नोंदणीच्या नावाखाली पैसे उकळणारी खोटी संकेतस्थळेही मागोमाग निघाली. केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने याबाबत वेळोवेळी सावधगिरीच्या सूचना दिल्या आहेत. आपल्या राज्यात सौरपंपासाठी सर्वसाधारण शेतकऱ्यास किमतीच्या १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यास ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. प्रतीक्षा यादी लांबली की ‘तुमचा नंबर वर घेतो, हिस्सा आजच भरा’ असा फोन येतो व सोबत अधिकाऱ्याच्या सहीचे खोटे मंजुरीपत्रही पाठवले जाते. पाणी देण्याची रात्रपाळी करून कंटाळलेला शेतकरी अशा वेळी चटकन तयार होतो, हे त्या लोकांना पक्के ठाऊक असते. हिस्सा नेहमी योजनेच्या अधिकृत संकेतस्थळावर आपल्या अर्ज क्रमांकावरूनच भरावा. कोणाच्या वैयक्तिक खात्यात किंवा मोबाइल क्रमांकावर भरू नये. शंका असल्यास महावितरणच्या नजीकच्या कार्यालयात समक्ष विचारावे.

जनावरे व यंत्रे यांची खरेदी-विक्री : मुऱ्हा किंवा मेहसाणा म्हैस आणण्यासाठी हरियाणा, गुजरातकडे जाण्याचा प्रघात आपल्याकडे आहे. अलीकडे यूट्यूबवर धारा काढतानाच्या चित्रफिती दाखवून घरपोच म्हैस देण्याच्या जाहिराती येतात. उत्तर प्रदेशातील रायबरेली जिल्ह्यातील एका पशुपालकाने २०२४ च्या सुरुवातीस अशी १८ लिटर दुधाची म्हैस ५५,००० रुपयांत ठरवून १०,००० रुपये आगाऊ पाठवले; म्हैस आली नाही, आणखी रकमेची मागणी मात्र आली. १८ लिटरची म्हैस त्या किमतीस मिळत नाही, हे कोणताही पशुपालक बाजारात सहज सांगेल. चित्रफीत पाहताना तोच हिशोब विसरला जातो. कास, दात व धार समक्ष पाहिल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये.

ट्रॅक्टर, रोटाव्हेटर किंवा गूळ विकण्याची जाहिरात आपण दिली असता उलट प्रकार घडतो. गिऱ्हाईक बहुधा लष्करातील अधिकारी असल्याचे सांगतो, घासाघीस न करता भाव मान्य करतो आणि ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ म्हणतो. पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, हे घरातील सर्वांनी पक्के ध्यानात ठेवावे.

अटकेची भीती : पोलिस, सी.बी.आय. किंवा सीमाशुल्क विभागाच्या नावाने व्हिडिओ कॉल येतो. पडद्यावर गणवेशातील माणूस, मागे कार्यालयाचा देखावा. तुमच्या आधार क्रमांकावर गैरव्यवहार झाला आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, कोणास सांगू नका, असे धमकावून सारी ठेव ‘तपासणीसाठी’ मागितली जाते. ऑगस्ट २०२४ मध्ये वर्धमान उद्योगसमूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांना सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी दाखवून ७ कोटी रुपयांना फसवले गेले. त्यांपैकी सुमारे सव्वापाच कोटी रुपये पंजाब पोलिसांनी नंतर परत मिळवले. एवढ्या मोठ्या उद्योगपतीची ही गत झाली, तर सामान्य माणसाने घाबरून जाण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मात्र ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कोणतीही कारवाई आपल्या कायद्यात नाही आणि कोणतीही तपास यंत्रणा व्हिडिओ कॉलवर पैसे मागत नाही.

याचीच दुसरी तऱ्हा म्हणजे पुण्या-मुंबईत शिकणाऱ्या मुलाच्या नावाने येणारा फोन. मुलगा पकडला गेला आहे असे सांगून रडण्याचा आवाज ऐकवतात. आवाज मुलासारखाच वाटतो, आणि रडताना तर कोणाचाही आवाज ओळखणे अवघडच असते. फोन चालू असतानाच घरातील दुसऱ्याने दुसऱ्या मोबाइलवरून मुलास किंवा त्याच्या मित्रास, वसतिगृहास फोन लावावा. दोन मिनिटांत उलगडा होतो. भामटे फोन ठेवू देत नाहीत त्याचे कारणही हेच आहे.

चित्रफीत तपासताना

बनावट चित्रफितीत काही खुणा आढळून येतात. शब्द व ओठ यांचा मेळ बसत नाही, विशेषतः प, ब, म ही ओठ मिटून उच्चारली जाणारी अक्षरे बोलताना ओठ उघडेच दिसतात. दात एकसंध पांढऱ्या पट्टीसारखे दिसतात. कानाजवळ, हनुवटीखाली किंवा चष्म्याच्या काडीपाशी चेहऱ्याची कड थरथरते. चेहऱ्यावरील उजेड एका बाजूचा व मागच्या भिंतीवरील दुसऱ्या बाजूचा असतो. श्वास घेण्यासाठी माणूस जेथे थांबतो तेथे आवाज थांबत नाही. व्हिडिओ कॉलवर शंका आल्यास समोरच्यास पूर्ण बाजूला वळण्यास व चेहऱ्यावरून हात फिरवण्यास सांगावे; खोटा चेहरा अशा वेळी अनेकदा विस्कटतो.

आणखी एक खूण आपल्या कानाची आहे. यंत्राने बनवलेली मराठी बहुधा पुस्तकी, एकाच सुरातील असते. कागल किंवा राधानगरीकडचा आपला पाहुणा अचानक बातम्या वाचल्यासारखा बोलू लागला तर खुशाल शंका घ्यावी.

परंतु या खुणांवर फार विसंबू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. कीटकनाशकास सरावलेल्या किडीप्रमाणे हे तंत्रही दर काही महिन्यांनी सुधारत आहे. आज दिसणारी खूण उद्या दिसेलच असे नाही आणि पाच इंचांच्या पडद्यावर, उन्हात, बांधावर उभे राहून ती शोधणे कोणासही शक्य होत नाही. खूण सापडली तर चित्रफीत खोटी समजावी. खूण सापडली नाही म्हणून खरी समजू नये.

उलट फोन व घरचा शब्द

यावर सर्वांत खात्रीचा व बिनखर्चाचा उपाय म्हणजे उलट फोन. पैसे, ओटीपी, पिन, आधार क्रमांक किंवा अ‍ॅप बसवणे यांपैकी कशाचीही मागणी आली, तर बोलणारा कोणीही असो, फोन ठेवावा आणि आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर स्वतः फोन लावावा. बँकेचा क्रमांक पासबुकावरून घ्यावा, गुगलवर शोधू नये. तेथे खोटे क्रमांक पेरलेले असतात. बँकेचे संकेतस्थळ उघडावयाचे असल्यास पत्त्याच्या शेवटी ‘डॉट बँक डॉट इन’ आहे का ते पाहावे. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत या पत्त्यावर येण्यास सांगितले होते. सोसायटीचे सचिव, शाखाधिकारी यांचे क्रमांक वहीत लिहून ठेवावेत. मोबाइल बंद पडला किंवा ताब्यात गेला तर वहीच उपयोगी पडते.

त्याचबरोबर घरातल्या घरात एक परवलीचा शब्द ठरवून ठेवावा. तो कोठेही लिहू नये व मोबाइलवरून पाठवू नये. जेवायला बसल्यावर तोंडी ठरवावा. जन्मगाव, मुलाचे नाव असे बाहेर ठाऊक असलेले शब्द नकोत. एखाद्या जुन्या बैलाचे नाव किंवा शेताच्या तुकड्याला घरात म्हणतात ते नाव चालेल. अडचणीत असल्याचे सांगून पैसे मागणाऱ्यास तो शब्द विचारावा. घरातील वृद्ध माणसे व शाळकरी मुले यांना हे आवर्जून समजावून सांगावे. मोबाइल घरात एकाच्या नावावर असला तरी तो सर्वांच्या हाताखालून जातो.

ज्यांना बोटाच्या ठशावर आधारमार्फत पैसे काढण्याची गरज पडत नाही, त्यांनी आधारच्या अधिकृत अ‍ॅप किंवा संकेतस्थळावरून बायोमेट्रिक बंद करून ठेवावे. ठशाची नक्कल करून पैसे काढल्याचे प्रकार घडले आहेत. गरज पडेल तेव्हा ते तात्पुरते उघडता येते. तसेच उसाचे बिल किंवा ठेवीची मोठी रक्कम ज्या खात्यात आहे ते खाते मोबाइलला न जोडता, रोजच्या व्यवहारासाठी थोड्या रकमेचे वेगळे खाते ठेवणे चांगले.

फसवणूक झाल्यास

गेलेला पैसा एकाच खात्यात थांबत नाही. तो काही मिनिटांत दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरवून शेवटी एटीएममधून काढला जातो. तो वाटेत असतानाच अडवता येतो, म्हणून पहिला तास मोलाचा असतो. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. बँकेचे नाव, खाते क्रमांक, गेलेली रक्कम, वेळ व संदेशात आलेला व्यवहार क्रमांक जवळ ठेवावा. ही माहिती नोंदताच संबंधित बँकांना सूचना जाऊन रक्कम जेथे असेल तेथे रोखण्याची व्यवस्था आहे. क्रमांक व्यस्त लागल्यास पुन्हा पुन्हा लावावा. दरम्यान घरातील दुसऱ्याने ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’ या संकेतस्थळावर तक्रार भरावी. बँकेस कळवून खाते, कार्ड व यू.पी.आय. बंद करावे. नंतर कोल्हापूरच्या सायबर पोलिस ठाण्यात किंवा नजीकच्या पोलिस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी.

एखादी फाइल उघडल्यामुळे फसवणूक झाली असेल तर प्रथम मोबाइलचे इंटरनेट बंद करावे व वरील सर्व फोन दुसऱ्या मोबाइलवरून करावेत. संदेश, चित्रफीत, क्रमांक काहीही पुसू नये. पडद्याची छायाचित्रे काढून ठेवावीत. तक्रारीची नोंद झाल्यावरच जाणकाराकडून मोबाइल मूळ स्थितीत आणून घ्यावा.

रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेल्या तत्त्वानुसार, बँकेची वा ग्राहकाची चूक नसताना बाहेरच्या कोणी पैसे काढले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर तोटा पडत नाही. ग्राहकाने स्वतः ओटीपी वा पिन दिला असेल तर बँकेस कळवेपर्यंतचा तोटा त्याचा, कळवल्यानंतरचा बँकेचा. म्हणजे चूक आपली असली तरी लवकर कळवण्यात फायदाच आहे. प्रत्यक्षात गावात हसे होईल, घरात बोलणी बसतील या संकोचाने माणूस दोन-दोन दिवस गप्प राहतो आणि तेवढ्यात पैसा हातचा जातो. अशा वेळी घरच्यांनी त्यास दोष देत बसण्याऐवजी आधी १९३० लावून द्यावा.

खाते भाड्याने देऊ नये

तरुण मुलांसाठी एक गोष्ट वेगळी सांगणे जरूर आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर झालेल्या सायबर हल्ल्यात दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. हल्ल्याची सूत्रे परदेशातून हलली, परंतु बनावट कार्डांनी पैसे काढणारे हात इथलेच होते. त्यातील काही रक्कम कोल्हापूर शहरातील एटीएममधून काढली गेली. या खटल्यात पुणे न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरवले. आजही लुटीचा पैसा फिरवण्यासाठी स्थानिक खाती लागतातच. ‘तुझे खाते व सिमकार्ड महिनाभर दे, पाच हजार देतो’ असे सांगून महाविद्यालयीन मुलांना, मजुरांना गाठले जाते. पोलिस तपासात पहिले नाव अशा खातेदाराचेच निघते व त्याचे खाते गोठते. त्याच खात्यात घरच्या दुधाचे किंवा उसाचे पैसे येत असतील तर तेही अडकतात. आपले खाते, एटीएम कार्ड, सिमकार्ड कोणासही वापरण्यास देऊ नये. अनोळखी रक्कम खात्यात आल्यास ती परस्पर परत न पाठवता शाखेत लेखी कळवावे.

पैसे गेले नसले, केवळ संशयास्पद फोन वा संदेश आला असला, तरी त्याची माहिती दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावरील ‘चक्षू’ या सुविधेवर देता येते. ही सोय मार्च २०२४ पासून सुरू आहे. आपल्या नावावर एकूण किती सिमकार्ड चालू आहेत हेही ‘संचार साथी’वर पाहता येते. आपण न घेतलेला क्रमांक तेथे दिसल्यास तो बंद करण्याची विनंती त्याच ठिकाणी नोंदवावी.